शाळेच्या शेअर फोल्डरला ‘सगळ्यांना सगळं’ नको!



आज बऱ्याच शाळांमध्ये काही कॉम्प्युटरवर विंडोज असतं, काहींवर उबंटू, आणि ऑफिसच्या एका मशीनवर सगळ्यांसाठी एक शेअर फोल्डर. निकालपत्रकं, आधार क्रमांक, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खाते क्रमांक, सगळं त्यातच. एखाद्या दिवशी कुणाची तरी फाइल सेव्ह होत नाही. मग लॅब बघणारा येतो. विंडोज असेल तर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देतो, उबंटू असेल तर ७७७ करून टाकतो. फाइल सेव्ह होते, सगळे खूश! माझ्या मते ही दुरुस्ती म्हणजे दार अडकतं म्हणून दारच काढून ठेवणं.

अडचण नेमकी कुठे येते?

दोन्ही सिस्टिमचा परवानगी देण्याचा हिशोब वेगळा आहे. विंडोजमध्ये फोल्डरसोबत एक यादी असते. कोणाला वाचता येईल, कोणाला बदलता येईल, हे नावानिशी लिहिता येतं. पण ही परवानगी दोन ठिकाणी असते, ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. नेटवर्कवरून फोल्डर उघडला की दोन्ही तपासल्या जातात आणि जी जास्त कडक ती लागू होते. एकीकडे मोकळीक देऊन दुसरीकडे बंद असेल तर आपण नुसतं डोकं खाजवत बसतो.

लिनक्समध्ये मुळात तीनच खाती आहेत: मालक, गट आणि इतर. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा किंवा फोल्डरमध्ये शिरण्याचा १ अंक. बेरीज ७. म्हणून ७७७ म्हणजे तिघांनाही सगळं, आणि ७७० म्हणजे मालकाला व गटाला सगळं, इतरांना काहीच नाही.

या दोघांमधला दुभाष्या म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये त्याची सुरुवात केली. सांबाच्या मूळ सेटिंगमध्ये नवी फाइल फक्त मालकालाच बदलता येते, बाकीच्यांना नुसती वाचता येते. त्यामुळे पाचवी ‘अ’च्या बाईंनी सेव्ह केलेल्या पत्रकात ‘ब’च्या सरांना गुण भरता येत नाहीत. इथेच वैतागून ७७७ केलं जातं.

मग करायचं काय?

१. आधी कागद घ्या. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे आणि ते कोणाला लागतं, हे मुख्याध्यापकांसोबत बसून लिहा. ऑफिस, शिक्षक, विद्यार्थी असे तीन फोल्डर बहुतेक शाळांना पुरतात.

२. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं ठेवा. सगळे एकाच नावाने आत शिरत असतील तर कोणी काय बदललं हे कॉम्प्युटरला कसं कळणार?

३. परवानगी माणसाला देऊ नका, गटाला द्या. ‘शिक्षक’ नावाचा गट करा. सरांची बदली झाली की गटातून एक नाव काढलं, काम झालं.

४. सर्व्हर लिनक्सचा असेल तर शिक्षकांच्या फोल्डरचा गट ‘शिक्षक’ ठेवून त्याला २७७० द्या. पुढच्या २ मुळे आतली प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. सोबत सांबाच्या सेटिंगमध्ये नव्या फाइलसाठी ०६६० आणि नव्या फोल्डरसाठी २७७० लिहा. वरची गुणांची अडचण सुटते, ७७७ ची गरजच उरत नाही.

५. मुलांच्या फोल्डरला पुढे १ लावा, म्हणजे १७७०. कारण लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क फाइलवर नाही, फोल्डरवर ठरतो. दुसऱ्याच्या फाइलमध्ये अक्षरही बदलता येत नसेल, तरी ती अख्खी पुसता येते! तो १ लावला की साध्या लॉगिनने दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही.

आणि हो, बॅकअप घ्याच. विंडोजवरून नेटवर्कवरची फाइल डिलीट केली की ती आपल्या रिसायकल बिनमध्ये येत नाही.

‘आमच्यावर विश्वास नाही का?’

स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. पण शाळेच्या कपाटाची किल्ली सगळ्यांकडे नसते, त्याचा कुणाला राग येतो का? उलट, उद्या एखादा गुण बदललेला सापडला तर फोल्डर उघडा असल्यामुळे संशय सगळ्यांवरच जातो. मर्यादित परवानगी प्रामाणिक शिक्षकाला वाचवते.

‘वेळ कुठे आहे?’ हाही प्रश्न खरा आहे. शिकवायचं, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात हे आणखी. म्हणूनच हे काम एकट्या कॉम्प्युटर शिक्षकावर ढकलू नये. सेटिंग तो करेल, पण कोणाला काय दिसावं हे शाळेने ठरवायचं.

पालकांनाही एक विनंती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि माहिती बाळगणाऱ्याने ती सुरक्षित ठेवावी असं त्यात म्हटलं आहे. आपण मुलाचं आधार कार्ड आणि पासबुकची झेरॉक्स शाळेला विश्वासाने देतो. तेव्हा पुढच्या पालक सभेत न भांडता एवढंच विचारा: ‘ही माहिती कुठे ठेवता आणि ती कोण कोण उघडू शकतं?’

ज्या शाळेला याचं उत्तर लगेच देता येईल, तिथला फोल्डर नीट आहे असं समजायला हरकत नाही. तुमच्या शाळेत काय पद्धत आहे? नक्की कळवा.