क्रांती पडद्यावर दाखवाच

सीबीएसईच्या नववीला रशियन आणि फ्रेंच क्रांती वर्षानुवर्षं शिकवली जाते. ती शिकवताना सिनेमा नको म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला : सिनेमा खोटं सांगतो. आक्षेप खरा आहे. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या रशियन क्रांतीवरच्या 'ऑक्टोबर'मध्ये हिवाळी राजवाड्याच्या फाटकावर माणसांचा लोंढा चढतो, आत घुसतो. १९१७च्या त्या रात्री असं घनघोर युद्ध झालंच नव्हतं. राजवाड्याच्या रक्षणाला उरलेल्या मोजक्या तुकड्यांनी फारसा प्रतिकार केला नाही आणि हंगामी सरकारच्या मंत्र्यांना अटक झाली. पण म्हणूनच तर हा प्रसंग मुलांना दाखवायचा!

त्यासोबत जॉन रीडच्या पुस्तकातलं त्या रात्रीचं वर्णन वाचायला द्यावं. रीड क्रांतीच्या बाजूचाच पत्रकार, आणि तो तिथे हजर होता. आत शिरलेले लोक वस्तू उचलू लागतात, 'ही जनतेची मालमत्ता आहे' म्हणून त्यांना रोखलं जातं, दारावर झडत्या होतात, असं तो सांगतो. दोन्ही समोर असली की मुलं स्वतःहून विचारतात : मग सिनेमात लढाई एवढी मोठी का? इथे शिक्षकाने सांगावं की हा चित्रपट क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी सरकारने करवून घेतला, १९२७मध्ये क्रांतीचा एक प्रमुख नेता ट्रॉट्स्की याची पक्षातून हकालपट्टी झाली आणि त्याची दृश्यं कापावी लागली. सत्तेवर आलेले लोक आपला इतिहास कसा रचून घेतात, हे याहून ठळकपणे मला तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. अख्खा चित्रपट दाखवायला सांगतोय कोण? फाटकाचा प्रसंग काही मिनिटांचा आहे. शनिवारी वेळ काढायला सिनेमा लावून शिक्षकांनी वह्या तपासत बसायचं, याला माझाही ठाम विरोध आहे.

मुलं भावनेच्या भरात हिंसेकडे ओढली जातील, ही भीती मात्र मला मुळातच मान्य नाही. पोलिश दिग्दर्शक आंद्रे वायदाचा फ्रेंच क्रांतीवरचा 'दाँतों' (१९८३) पाहा. सुरुवातीलाच एका लहान मुलाला आंघोळ घालता घालता मानवी हक्कांचा जाहीरनामा पाठ करून घेतला जातो, आणि चुकला की हातावर फटका बसतो. हक्कांची घोकंपट्टी मार देऊन! नववीच्या मुलाला यातली विसंगती कळायला व्याख्यान लागत नाही. वायदाच्या पोलंडमध्ये डिसेंबर १९८१मध्ये लष्करी कायदा लागू झाला होता. १७९४च्या पॅरिसची गोष्ट सांगताना वायदाच्या डोळ्यांपुढे आपला देशही होता. हिंसेचं आकर्षण वाढवणारा नव्हे, क्रांती आपल्याच माणसांना कशी गिळते हे दाखवणारा हा चित्रपट आहे.

मुख्याध्यापकांनी यासाठी जोडून दोन तासिका द्याव्यात. परीक्षेत न येणारं आपल्या शाळांत टिकत नाही, म्हणून घटक चाचणीत पडद्यावरचा प्रसंग आणि रीडचा उतारा यांची तुलना करायला सांगणारा एक तरी प्रश्न घालावा.