‘आधी डाएट करा’ ही अट नेमकी कोणासाठी?

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी विमा हवा, तर बीएमआय किमान ४० लागतो. किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह वा तसाच गंभीर आजार. शिवाय साधे उपाय फसलेले असावेत, असे आयआरडीएआयचे कलम सांगते. पण किती महिने? पुरावा कोणता? ते कलमात नाही! काशीदच्या रुग्णाने भात कमी केला, तळलेली मासळी सोडली, याची नोंद कोण ठेवणार?

यकृत लहान व्हावे म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवड्यांचा आहार देतात, तो वैद्यकीय. कागदांसाठी महिनोन्‌महिने थांबवणे वैद्यकीय नव्हे. मधुमेह तोवर थांबत नाही.

म्हणून आजपासून दर महिन्याचे वजन आणि आहार डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. दावा नाकारला, तर लेखी कारण मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा.