मार डोक्याला, तक्रार पोटाची

आपली मराठी भाषा मोठी जाणती आहे. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की घास घशाखाली उतरत नाही, आणि चिंता जडली की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. भीती, दुःख, चिंता या साऱ्या मस्तकातल्या गोष्टी. परंतु त्यांची पहिली वर्दी पोट देते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. अशी भाषा बोलणारे आपण, प्रत्यक्ष डोक्याला मार बसला की मात्र हा संबंध साफ विसरतो, याचे मला नवल वाटते.

मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु सिरसाळ्यासारख्या गावात राहून जे डोळ्यांना दिसते, त्यावर विचार करण्यास कोणाची हरकत नसावी. कबड्डीत कोणाचा गुडघा कपाळावर बसतो, रस्त्यावर मोटारसायकल घसरते, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय निसटतो. खोक पडली नाही, रक्त आले नाही, म्हणजे काही झाले नाही, असा आपला ठाम समज. पुढे दोन दिवस त्या माणसाला मळमळते, भाकरी नकोशी होते, पोट साफ होत नाही. मग कोणी म्हणतो पित्त झाले, कोणी म्हणतो दृष्ट लागली. लिंबू-सोडा पाजला जातो, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

वस्तुस्थिती काय आहे? मेंदूच्या बुडाशी उगम पावणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू मानेतून, छातीतून थेट जठर व आतड्यांपर्यंत जातो. अन्न जठरात पोचण्यापूर्वीच मेंदू याच वाटेने पाचकरस सोडण्याचा हुकूम देतो, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखवले, आणि पचनक्रियेवरील त्यांच्या कार्यास १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या गंभीर विकारात जठरात व्रण पडतात, हे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली मांडले. कवटी न फुटताही आतला मेंदू हादरू शकतो, आणि मग मळमळ, उलटी, भूक मरणे हे ओघाने येते. अंथरुणावर पडून राहणे व वेदनाशामक गोळ्या यांचीही त्यात भर पडते. डोक्याला मार बसल्यावर आतड्यांची हालचाल मंदावते, त्यांचे अस्तर सैल होते आणि आतील उपयुक्त जंतूंचा तोल ढळतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. माणसांबाबत हे संशोधन चालू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली जिवाची. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे, बोलणे अडखळणे किंवा फिट येणे हे पित्त नव्हे. आत रक्तस्राव होत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सोडा न पाजता माणसाला तडक अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे. मनाने अ‍ॅस्पिरिनसारखी गोळीही देऊ नये. तिने रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो आणि पोटही बिघडते.

दुसरी गोष्ट न्यायाची, आणि माझ्या मते ती तितकीच मोठी आहे. सौम्य हादऱ्यातून बहुतेक प्रौढ माणसे दोनेक आठवड्यांत सावरतात. मात्र सुरुवातीचे एक-दोन दिवस तरी विश्रांती लागते, आणि पुढे झेपेल तसतसे काम वाढवावे लागते. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू घेण्याची मुभा दिली. आणि आमच्या बीड जिल्ह्यातून कोयता घेऊन गेलेल्या बाईने, चक्कर येते, जेवण जात नाही, म्हणून एक दिवस फडावर पाय ठेवला नाही, तर तिच्या नावावर खाडा पडतो आणि उचलीच्या हिशेबात दंड चढतो. जखम दिसत नाही, म्हणून तिचे दुखणे नखरा ठरते! खेळाडूचा मेंदू आणि मजुराचा मेंदू यांत निसर्गाने काही भेद केला आहे काय?

मित्रहो, यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक तास या विषयाला द्यावा. मैदानावर मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, असा नियम आपल्या जिमखान्याने करावा. आणि ऊसतोडीच्या करारात डोक्याला मार लागलेल्या मजुराचा खाडा माफ असावा, ही मागणी आपण शिकलेल्या मुलांनी मुकादमापुढे व कारखान्यापुढे मांडावी. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी त्याच कोयत्याच्या कमाईतून भरली गेली आहे.