पऱ्हाटीचा तंतु आणि आपला हिशेब

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली कीं नंदुरबार, शहादें, तळोदें या भागांतील शेतांतून पऱ्हाट्यांचे ढीग पेटूं लागतात. केळीचा घड उतरल्यावर खोडाचीहि अशीच उपेक्षा होते. या मालापासून कागद होतो, हें आतां पुष्कळांच्या कानीं गेलें आहे, आणि ‘कारखाना काढा’ असा आग्रहहि अधूनमधून ऐकूं येतो. आमच्या मतें कारखान्याच्या आधीं चाळणीचा विचार झाला पाहिजे.

कागदाचा लगदा हा एकजिनसी पदार्थ नव्हे. त्यांत लांब तंतू, आखूड तंतू व अगदीं बारीक चुरा अशी सरमिसळ असते. लांब तंतूंमुळें कागद सहज फाटत नाहीं. आखूड तंतूंमुळें त्यास सारखेपणा येऊन छपाई चांगली उठते. चुरा फार झाला तर पाणी लवकर निथळत नाहीं व यंत्राची गति मंदावते. हे भाग निवडण्यासाठीं प्रयोगशाळेंत बाउअर-मॅकनेट नांवाचें यंत्र वापरतात. उतरंडीनें मांडलेल्या चार-पांच टाक्या असून प्रत्येकीची जाळी आधीच्या टाकीहून बारीक असते. १० ग्रॅम कोरड्या वजनाचा लगदा पाण्यांत कालवून वरच्या टाकींत सोडतात व २० मिनिटें पाणी वाहतें ठेवितात. मग प्रत्येक जाळीवरील भाग वाळवून तोलतात. निसटलेला चुरा वजाबाकीनें कळतो. खळ्यावर धान्य चाळावें, त्यांतलाच हा प्रकार.

आपण कापूस विकतों तेव्हां धाग्याच्या लांबीवर भाव ठरतो. ती लांबी शास्त्रीय रीतीनें मोजण्यासाठीं माटुंगा येथें १९२४ सालीं प्रयोगशाळा निघाली. तीच आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था होय. पऱ्हाटीपासून दाबून फळ्या करण्याची रीतहि तिनें बसविली आहे. मग पऱ्हाटी तेवढी मोजल्याविना कां विकावी? तिच्या सालींतील तंतू लांब, तर आंतील लाकडांतील तंतू बहुधा एक मिलिमीटरहूनहि आखूड असतात. उसाच्या चिपाडांतहि गाभ्याचा भुसा वेगळा काढल्यावांचून चांगला कागद होत नाहीं.

कोणी म्हणेल, हें काम कारखानदाराचें. शेतकऱ्यास त्याचें काय? पण मोजमाप एकट्या घेणाऱ्याच्या हातीं राहिलें कीं भावहि त्याच्याच हातीं राहतो. शिवाय पऱ्हाटी वजनाला हलकी व जागेला भारी; गाडीभाडें नफा खाऊन टाकतें. नवापूरच्या पलीकडे गुजरातेंत सोनगड येथें कागदाची गिरणी आहे, एवढ्यावरून आपला माल तेथें परवडेल असें मानणें भोळेपणाचें होईल. पऱ्हाटीचे ढीग फार दिवस ठेवले तर कैऱ्यांत दडलेली गुलाबी बोंडअळी पुढील हंगामास नडते, हेंहि विसरूं नये.

यास्तव सोसायट्यांनीं भागभांडवल गोळा करण्यापूर्वीं एवढें करावें: कोरडवाहू व बागाईत पऱ्हाटीचे नमुने निरनिराळे घ्यावे, केळीच्या खोडाचा नमुना जोडावा, आणि तंतूंचें वर्गीकरण संशोधन संस्थेकडून करवून घ्यावें. त्या आंकड्यांशेजारीं तोडणीची मजुरी व भाडें मांडावें. हिशेब जमला तर पुढें पाऊल टाकावें; न जमला तर पऱ्हाटी बारीक करून जमिनींत गाडावी, म्हणजे निदान जमीन तरी सकस होईल. जाळून मात्र दोन्ही बाजूंनीं तोटाच आहे.