दार उघडले तेव्हा

परदेशी जाऊन आलेल्यांनी आपल्या पत्रिकेत चार पाने लिहावीत, असा आपल्याकडचा जुना प्रघात आहे. आम्ही दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. तेव्हा सिडनीच्या प्रवासाबद्दल लिहा, असा आग्रह आम्हालाही झाला. सिडनीचा पूल आणि ऑपेरा हाऊस यांची वर्णने मात्र पुष्कळांनी केली आहेत, ती आम्ही पुन्हा करीत नाही. महामारीनंतर एका देशाने बंद केलेले दार उघडले, त्या दारातून आम्ही कसे गेलो आणि त्यावरून आमचे काय मत झाले, एवढेच येथे मांडतो.

आमचा मुलगा सिडनीला असतो. सप्टेंबर २०२० मध्ये त्याला मुलगी झाली. बारसे आम्ही लष्करातल्या आमच्या घरी फोनच्या पडद्यावर पाहिले. नात पाळण्यात होती आणि पाळण्याची दोरी धरायला आजी नव्हती. ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० पासून परक्या माणसांना दार बंद केले होते. भारतातूनही त्याच मार्चमध्ये नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने थांबली, ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आमच्यासारखी किती घरे होती, ते वाचकांना सांगायला नको. येथे बहुतेक घरांतला एक तरी मुलगा किंवा मुलगी बाहेर आहे.

साथीच्या काळात देशाने दार लावून घ्यावे, याबद्दल आमची तक्रार नाही. घरात आजारी माणूस असेल तर आपणही पाहुण्यांना येऊ नका म्हणतो. परंतु दार लावताना घरचा माणूस बाहेर राहिला आहे का, हे पाहावे लागते. मे २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट शिगेला पोचली असताना ऑस्ट्रेलियाने ३ ते १५ तारखेपर्यंत भारतातून येणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना बंदी केली. मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. त्या वेळी सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन येथे अडकले होते. आयपीएल थांबल्यावर त्यांचे क्रिकेटपटू मालदीवला जाऊन दिवस मोजत बसले, ते मुलांना आठवत असेल. मालदीवला जाण्याची ऐपत नसलेल्यांचे काय झाले असेल, याचाही विचार करावा. मुलाच्या ओळखीचा एक जण वडिलांच्या अंत्यविधीसाठी येथे आला होता. दिवस झाले, तेरावे झाले, आणि घरी परत जायला मात्र त्याला कायद्याने मनाई होती.

ही चूक होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच देशाने नंतर जे बरोबर केले, तेही सांगितले पाहिजे. दार उघडताना त्यांनी क्रम ठरविला. १ नोव्हेंबर २०२१ पासून तेथील नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या आईवडिलांना जवळचे नातेवाईक मानले गेले व लस घेतलेल्या आईवडिलांना जाण्याची मुभा मिळाली. सहलीला येणाऱ्यांसाठी दार उघडले ते २१ फेब्रुवारी २०२२ रोजी. त्या दिवशी सिडनीच्या विमानतळावर प्रवाशांना कोआलाची खेळणी वाटली, त्याची चित्रे सगळ्यांनी पाहिली. आम्हाला मात्र १ नोव्हेंबर ही तारीख अधिक मोठी वाटते. आधी आई, मग पाहुणा, हा क्रम योग्य आहे. पुढे कधी अशी वेळ आली, आणि ती येणारच नाही असे कोणी सांगू शकत नाही, तर प्रत्येक देशाने हाच क्रम धरावा.

हे झाले यजमानाचे कर्तव्य. पाहुण्याचेही एक कर्तव्य असते, आणि ते सांगताना आम्हाला आमचीच गोष्ट सांगावी लागेल.

आमची तिकिटे जानेवारी २०२२ ची होती. नातीसाठी झबली शिवून झाली, मेतकूट दळून झाले, बॅगांचे वजन तीनदा झाले. निघण्याआधी तीन दिवसांच्या आतला आरटी-पीसीआर अहवाल लागत होता. तिसरी लाट सुरू होती. घरात एकाला किंचित सर्दी, बाकी काही नाही. अहवाल आला तो पॉझिटिव्ह. त्या संध्याकाळी घरात कोणी जेवले नाही. ही बातमी कळताच एक ओळखीचे गृहस्थ फोनवर म्हणाले, “अहो, एवढे काय त्यात? उद्या सकाळपर्यंत निगेटिव्ह आणून देतो. नाकात काडीसुद्धा घालावी लागणार नाही.” ते वाईट मनुष्य नव्हेत. आम्ही नातीसाठी कसे तळमळत होतो, ते त्यांनी पाहिले होते.

खोटे कशाला बोलावे, क्षणभर आमचेही मन डळमळले. सर्दीच तर आहे, विमानात मास्क लावूनच बसायचे, कोणाला कळणार? रात्री दोघांत बराच वेळ बोलणे झाले. शेवटी एकच गोष्ट मनाला पटली. विमानात शेजारच्या खुर्चीवर बसणारेही कोणाचे तरी आजोबा असतील. आमच्या नातीला भेटण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या आजोबांना धोक्यात घालायचे, आणि मग त्याच हातांनी तिला उचलून घ्यायचे? आम्ही नाही म्हटले. तिकिटे पुढे ढकलली, त्यात पैसे गेले. खोकला रेंगाळला. सूनबाईंनी फोनवर एवढेच म्हटले, “आई, तुम्ही बऱ्या होऊन या.” आम्ही गेलो ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

त्या वेळी अशा कागदांचा धंदा जागोजागी चालला होता, ही उघड गोष्ट आहे. ‘सगळेच करतात’ हे त्याचे समर्थन नव्हे. दुसऱ्या देशाने आपल्या कागदावर विश्वास ठेवून दार उघडलेले असते. एकाने खोटा कागद दाखविला की त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या शंभर खऱ्या माणसांकडे संशयाने पाहिले जाते. सिडनीच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तू लिहून द्याव्या लागतात. आम्ही मेतकूट, लोणचे आणि घरचे तूप, सगळे लिहून दिले. अधिकाऱ्याने एकेक पाहिले, तूप ठेवून घेतले, बाकीचे परत दिले आणि हसून स्वागत केले. तुपाचे वाईट वाटले, पण मान खाली घालावी लागली नाही.

आता एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. त्या काळात प्रवासाची खरी अडचण विमानाची नव्हती, कागदांची होती. आमच्या पासपोर्टवर नावाच्या मध्ये वडिलांचे आणि पतीचे नाव, लशीच्या प्रमाणपत्रावर ते नाही. आमची लस कोव्हिशील्ड, तिला ऑस्ट्रेलियाची मान्यता १ ऑक्टोबर २०२१ ला मिळाली. शेजाऱ्यांची कोव्हॅक्सिन, तिला मिळाली १ नोव्हेंबरला. मनुष्य तोच, दंड तोच, तरी एका महिन्याचा फरक. त्यातून प्रवाशाने स्वतःची माहिती संगणकावर भरायची. आमच्यासारख्यांना ते जमेना. शेजारचा दहावीतला मुलगा दोन संध्याकाळी येऊन बसला. प्रमाणपत्रावरचे नाव त्याने दुरुस्त करून घेतले, अर्ज भरला, सगळ्याच्या छापील प्रती काढून एका पिशवीत घातल्या. त्या मुलाने आम्हाला सिडनीला पोचविले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून आमची शाळेला एक सूचना आहे. वरच्या वर्गातल्या मुलांनी महिन्यातून एका रविवारी शाळेत बसावे आणि समाजातल्या वृद्धांचे अर्ज, प्रमाणपत्रे, नावांच्या दुरुस्त्या यांत मदत करावी. मात्र वृद्धांचे पासवर्ड आणि ओटीपी गुप्त राहतील, याची शिस्त शिक्षकांनी घालून द्यावी. साथ ओसरली, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण अर्ज काही संपले नाहीत.

दुसरी सूचना आपणा सर्वांना. दार एका बाजूनेच उघडत नाही. १५ नोव्हेंबर २०२१ पासून भारतानेही नेहमीच्या विमानांनी येणाऱ्या परदेशी पर्यटकांना पुन्हा प्रवेश दिला. त्याआधी दीड वर्षाहून अधिक काळ आपल्या किल्ल्यावर परदेशी पाहुणा दिसत नव्हता, आणि मानमंदिर व सासबहू मंदिर दाखवून पोट भरणाऱ्या माणसांना तो काळ कसा गेला, ते किल्ल्याखाली राहणाऱ्यांना ठाऊक आहे. सिडनीत आम्हाला रस्ता विचारल्यावर लोक थांबून सांगत. महाराज बाड्यावर नकाशा हातात घेऊन उभा असलेला परदेशी मनुष्य दिसला तर आपणही थांबावे. त्याच्यामागे पोरांनी हुर्यो करू नये आणि दुकानदाराने दुप्पट भाव सांगू नये.

आपण तर मुळात बाहेरून आलेलीच माणसे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी येथे तळ टाकला, त्या लष्कराचेच हे शहर झाले. तेव्हा देशावर आणि कोकणात मागे राहिलेल्या आयांनीही अशीच वाट पाहिली असेल. त्यांना तर फोनचा पडदाही नव्हता.

राहता राहिली नात. विमानतळावर ती आधी आईच्या मागे लपली. पडद्यातली आजी एवढी मोठी कशी, हे तिला उमजेना. मग हळूच पुढे येऊन तिने आजीच्या बांगड्यांना बोट लावून पाहिले आणि म्हणाली, “खरी आजी?”

खोटा कागद दाखवून गेलो असतो, तर या प्रश्नाला आम्ही कोणत्या तोंडाने ‘हो’ म्हटले असते?