पाळी दिवस मोजून नको, पॅन पाहून द्या



गट ऑफिसच्या आवारात लाकडी चौकटीवर जाळी घातलेली गोल टाकी आहे. "साहेब, ही चिमण्यांसाठी काय?" असे परवा एका सभासदाने विचारले. चूक आमची. आम्हीच कधी नीट सांगितले नाही.

हा बाष्पीभवन मापक पॅन. व्यास सुमारे १२१ सें.मी., खोली २५ सें.मी. रोज सकाळी ठरल्या वेळी पाण्याची पातळी पाहायची, पाऊस पडला असेल तर तो हिशेबात धरायचा. जितके मिलिमीटर पाणी उतरले तितके हवेने नेले. १ मि.मी. म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर!

पाणी नुसते ऊन नेत नाही. ओल्या जमिनीलगत हवेचा पातळ थर असतो. तो वाफेने भरला की पाणी उडणे मंदावते. वारा सुटला की तो थर जातो, कोरडी हवा येते आणि परत पाणी ओढते. ओले धोतर वाऱ्यावर लवकर वाळते ते यामुळेच. पाचट अंथरले की ऊन-वारा जमिनीला थेट लागत नाही, दमट थर तिथेच राहतो. खोडव्यातले पाचट पेटवणे म्हणजे जमिनीचे पांघरूण जाळणे होय.

आता माझे मत. दर दहा दिवसांनी पाणी, ही सवय सोडावी. नोकरीच्या सुरुवातीला मीही हेच सांगत होतो. पण समजा, ७५ मि.मी. उतरल्यावर पाणी द्यायचे ठरवले. रोज १० मि.मी. उतरत असेल तर आठव्या दिवशीच पाळी येते. ढगाळ हवेत ३ मि.मी. उतरले तर पंचवीस दिवस थांबता येते. मग दहा दिवसांचा हिशेब उन्हाळ्यात उसाला तहानलेला ठेवतो आणि ढगाळीत जमीन चिबड करतो. क्षार वर आलेली राने आपल्या डोळ्यांसमोर आहेत. अर्थात जमीन हलकी की भारी, ऊस लहान की मोठा, यावर हा आकडा कमी-जास्त करावा लागतो.

कालव्याची पाळी आपल्या हाती नाही, वीजही रात्रीची, हे खरे. पण विहिरीची मोटर कधी बंद ठेवायची हे तर आपल्याच हाती आहे ना?

कारखान्याने प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर आठवड्याचा आकडा लिहावा, असे मी सुचवतो. माझ्या गटात येत्या सोमवारपासून तो मी स्वतः लिहीन. आपण येऊन वाचावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी