विकतचे प्रकल्प, एकट्याचे इंग्रजी

सहामाही जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक माल हातोहात खपतो. "सातवीचा इंग्रजीचा प्रकल्प द्या," एवढे म्हटले की दुकानदार मागच्या फळीवरून तयार वही काढून काउंटरवर टाकतो. आत फळाफुलांची रंगीत चित्रे, इंग्रजी जाहिरातींची कात्रणे, सुबक प्रस्तावना, शेवटी निष्कर्ष आणि गुरुजनांचे आभार. विद्यार्थ्याचे नाव आणि हजेरी क्रमांक, एवढ्या दोनच जागा कोऱ्या. वही घेणारा गृहस्थ कोणी भामटा नसतो. तो बँकेत रोखपाल असतो, पंचायत समितीत कारकून असतो, बऱ्याचदा स्वतःच शिक्षक असतो. रात्री आई वहीला ब्राऊन पेपरचे कव्हर घालते, ताई वळणदार अक्षरात नाव टाकते, दुसऱ्या दिवशी मॅडम पान न उलटता सही करतात आणि आकारिक मूल्यमापनाच्या तक्त्यात प्रकल्पाच्या रकान्यात दहापैकी नऊ चढतात. दुकानदार, बाप, आई, ताई, मॅडम, सगळे या व्यवहारात सामील. आणि ज्याच्या नावाने हे चालले आहे तो बारा वर्षांचा पोरगा उघड्या डोळ्यांनी पाहतो आहे. इंग्रजीचे एक वाक्य त्याला आले नाही; पण दुसऱ्याच्या कामावर आपले नाव कसे घालायचे, हे त्याला त्याच्या सर्वांत जवळच्या माणसांनी मिळून शिकवले.

याला अंमलबजावणीतील त्रुटी म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी त्याला लबाडी म्हणतो. परीक्षेत कॉपी पुरवणाऱ्या बापाला आपण निदान नावे ठेवतो. प्रकल्प विकत आणणाऱ्या बापाला तेवढीही लाज वाटत नाही. उलट, "शाळेचे प्रकल्प करून करून आमचा जीव गेला बाई," असे आई अभिमानाने सांगते.

प्रकल्पपद्धती ही कालची टूम नव्हे. अमेरिकेत जॉन ड्युई यांच्या विचारावर वाढलेल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ती मांडली. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा आखला, तेव्हाही मूळ म्हणणे त्याच जातीचे होते: मुलाने हाताने खरे काम करावे, त्या कामातून त्याला भाषा, गणित, भूगोल यांची गरज पडावी आणि गरज पडली म्हणून त्याने ते शिकावे. म्हणजे हा विचार महाराष्ट्राच्या मातीत चरख्यावर फिरून गेलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यात 'प्रकल्प' हा रकाना आला. रकाना आपण घेतला, काम टाकून दिले.

इंग्रजीच्या बाबतीत हे टाकून देणे सर्वांत महागात पडते. मराठी मूल मराठी शाळेत शिकतच नाही. घरी, ओसरीवर, भांडणात शिकते. गणित दुकानात शिकते. इंग्रजीला शाळेबाहेर घरच नाही. धाराशिव किंवा नंदुरबारच्या खेड्यातल्या मुलाशी इंग्रजीत बोलू शकेल असा माणूस पंचक्रोशीत कोण आहे? आई नाही, काका नाही, वाणी नाही. आहेत ती त्याच्याच वर्गातली चाळीस मुले. त्याच्याइतकेच मोडकेतोडके इंग्रजी येणारी, पण आहेत, रोज पाच तास शेजारी बसलेली आहेत. आणि आपला वर्ग सुरू होतो तो कोणत्या वाक्याने? "बोलू नका." जी भाषा बोलूनच येणार, तिच्या तासाला बोलणे हा गुन्हा. मग सर धडा वाचतात, ओळीओळीखाली मराठी अर्थ सांगतात, मुले पेन्सिलीने तो अर्थ पुस्तकात गिरवतात आणि प्रश्नोत्तरे फळ्यावरून वहीत उतरतात. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. केवढा गदारोळ झाला होता! बहुजनांच्या पोरांना इंग्रजी मिळाले पाहिजे, हा त्या निर्णयामागचा आग्रह योग्यच होता. पण मिळाले काय? दहा वर्षे इंग्रजी हा विषय आणि दहा वर्षांच्या शेवटी, "मे आय कम इन, सर?"

वेगळे काय करता येते, ते सांगतो. कापूस पट्ट्यातली सातवी घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या घरांतली मुले अशाच वर्गांत बसतात. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक तिरपा चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो: तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. तांबडा सर्वांत जहाल, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. वरच्या त्रिकोणात कुठे 'पॉयझन', कुठे 'डेंजर', कुठे 'कॉशन'. शिक्षकाने कृषी सेवा केंद्रातून नुसती माहितीपत्रके आणावीत (रिकामे डबे मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत). चार-चार मुलांचे गट करावेत आणि गटातल्या प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे पत्रक द्यावे. प्रत्येकापुढे सारखाच कोरा तक्ता: रंग कोणता, इशारा कोणता, अंगावर सांडले तर काय करायचे, विषबाधेची लक्षणे कोणती, डॉक्टरला काय सांगायचे. आपल्या पत्रकावरून तक्त्याची एकच ओळ भरते. उरलेल्या तीन ओळी शेजाऱ्याला विचारल्यावाचून भरत नाहीत, आणि विचारायचे ते इंग्रजीत: व्हॉट कलर इज युवर ट्रँगल? व्हॉट शुड वी डू फर्स्ट? पत्रकात मराठी मजकूरही असतो, मुंगीच्या अक्षरांत. मुले तो ताडून बघतील, डोळे ताणतील, आणि एवढ्या बारीक अक्षरात हे कोणासाठी छापले, असेही विचारतील. शेवटी प्रत्येक गटाने इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत मोठा तक्ता करायचा आणि तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. यात थर्माकोल कुठे आले? बाजारातली वही कुठे आली? हा प्रकल्प दुकानात मिळूच शकत नाही, कारण त्याचे उत्तर त्या चौघांच्या बोलण्यातच आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ पासून चार-पाच वर्षे बंगळूरु आणि मद्रासकडच्या साध्या शाळांतून असाच प्रयोग करून दाखवला. व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवून मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, कोडी ठेवली. मन कामात गुंतले की भाषा अंगी मुरते, असे त्यांचे म्हणणे. जगभर इंग्रजी शिकवणारे लोक आजही 'बंगळूरु प्रकल्प' म्हणून त्याचा अभ्यास करतात. आमच्या डीएड-बीएडच्या मुलाला त्यातले एखादे पान परीक्षेपुरते पाठ असते. प्रभूंना गटकाम मात्र फारसे पसंत नव्हते. मुले एकमेकांच्या चुका उचलतील, ही त्यांची धास्ती. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. चुका उचलण्यासाठी आधी तोंड उघडावे लागते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे तोंड शाळा सुटेपर्यंत उघडतच नाही.

पण गट केले म्हणजे सहकार्य आले, असे समजणाऱ्यांनी एकदा आपल्याच शाळेतले गट जवळून पाहावेत. सर म्हणतात, "सहा-सहाचे गट करा." गटप्रमुख कोण? पहिल्या बाकावरचा, सरांच्या ओळखीच्या घरातला. लिहिणार तो, बोलणार तो. मुलींनी चार्टला नक्षीची किनार काढायची. आणि वस्तीवरचा पोरगा? तो चार्टचे एक टोक धरून उभा राहतो. पाहुणे येतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो, फोटोखाली 'सहकार्यात्मक अध्ययन' असे छापले जाते. ज्या गावात कोणी कुठे बसायचे आणि कोणी किती बोलायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे, त्या गावाने वर्गात आपलीच छोटी प्रतिकृती उभी केली. शिक्षकाने ती मोडायची होती. त्याने तिला गुण दिले.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात १९७१ साली हाच पेच पडला होता. गोऱ्यांच्या, काळ्यांच्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना कायद्याने एका वर्गात बसवले आणि वर्गात द्वेष उसळला. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की दोष नुसत्या रंगाचा नाही, हात वर करून एकमेकांवर मात करत शिकण्याचाही आहे. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एक तुकडा दिला. ज्याला सगळे अडखळणारा म्हणून हसत होते, त्याच्याकडचा तुकडा ऐकल्यावाचून कोणाचाच धडा पुरा होईना. हसणाऱ्यांना ऐकावे लागले, थांबावे लागले, प्रश्न सौम्यपणे विचारावे लागले. वरच्या कीटकनाशकाच्या तक्त्याची युक्ती तीच आहे. तिला पैसा लागत नाही. वस्तीवरच्या पोराजवळ असे काही आहे जे माझ्या मुलाजवळ नाही, एवढे मान्य करण्याची तयारी लागते, आणि ती आपल्याजवळ नाही.

नाहीच! पुरावा हवा असेल तर फार मागे जायला नको. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेची या जबाबदारीतून सुटका करून टाकली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या पाच महिन्यांत इंग्रजी शाळांच्या फाटकापाशी मुलांना सोडणाऱ्या सुशिक्षितांपैकी कितीजणांना याचे वाईट वाटले? मोलकरणीच्या मुलीने माझ्या मुलीच्या गटात बसू नये, ही इच्छा सरकारने एकट्याने शोधून काढली नव्हती. ती आपल्या दिवाणखान्यात होती. सरकारने तिला राजपत्र मिळवून दिले.

इंग्रजी आपल्याला भाषा म्हणून नकोच आहे. ती वर चढायची शिडी म्हणून हवी आहे, आणि आपण चढलो की ओढून घेता आली पाहिजे. म्हणून पालकसभेत तक्रार येते, "सर, गटकामात आमच्या मुलाचा वेळ वाया जातो, ढ मुलांना शिकवत बसतो." शिकवणारा शिकतो, हे त्या पालकाला कोणी सांगत नाही, सांगितले तरी त्याला नको असते. सगळ्यांना आले तर मग माझ्या पोराला येण्याचा उपयोग काय, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

दहावीचेच पाहा. भाषा विषयांचे वीस अंतर्गत गुण मंडळाने काढून टाकले आणि २०१९ च्या मार्चचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नांची धाटणी बदलली होती, हे खरे. पण आरडाओरडा झाला तो वीस गुणांसाठी, आणि पुढच्याच वर्षापासून ते परत आले. हे गुण तोंडी कामाचे होते, म्हणजे मुलाला बोलता-ऐकता येते का, याचे. त्या सगळ्या गदारोळात, मुलाला बोलता येत नसताना हे गुण इतकी वर्षे मिळाले कसे, असे विचारणारा पालक मला भेटला नाही. केंद्रीय मंडळाच्या मुलांना मिळतात तर आमच्या मुलांना का नाहीत, एवढाच न्याय सर्वांना कळत होता.

शिक्षकांचीही बाजू आहे. बीएलओचे (मतदारयादीचे) काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी लिंक आणि त्यावर तातडीने भरायची माहिती. पटावर पन्नास मुले आणि दोन इयत्तांना मिळून एक शिक्षक. या ओझ्याखाली माणूस वाकतो, हे मी नाकारत नाही. शिवाय स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही, ही खोल शरम असते. राज्यात 'तेजस' नावाचा उपक्रम ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या सोबतीने राबवला गेला, त्यात शिक्षकांचेच गट भरत आणि ते एकमेकांशी बोलून शिकत. मार्ग तोच आहे. पण "गट केले की मुले मराठीतच बोलतात" ही सबब मला ऐकवू नका. बोलू द्या. बेत मराठीत ठरेल, वाद मराठीत होईल, शेवटी भिंतीवर लागेल ते वाक्य इंग्रजीत असेल. ज्याला आपल्या भाषेत विचार करू दिला नाही, तो परक्या भाषेत काय सांगणार?

या भूमीत खरा विद्यार्थी-प्रकल्प कसा दिसतो, हे पाहायला किलपॅट्रिककडेही जावे लागत नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातल्या कोवळ्या वयाच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला. विषय तिच्या घरातला, शब्द तिचे, वाचक खरे आणि राग खरा. तिला कोणी तयार वही आणून दिली नव्हती. आज तिच्या वयाच्या मुलीला आपण 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल' हा निबंध फळ्यावरून उतरवायला देतो.

ज्या शिक्षकाला हे सुरू करायचे असेल, त्याने एकच नियम लावावा. प्रकल्पाची वही तपासायचीच नाही. गटातल्या चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, वर्गासमोर एक उचलायची आणि ज्याचे नाव निघेल त्यानेच गटाच्या वतीने इंग्रजीत सांगायचे. त्याला मिळतील तेच गुण चौघांना. मग गटप्रमुखाला वस्तीवरच्या पोराला मधल्या सुट्टीत, ग्राउंडवर, सायकलवरून घरी जाताना शिकवावेच लागेल. नक्षी काढणाऱ्या मुलीलाही बोलावे लागेल. पहिल्या खेपेला पोरगा अडखळेल आणि चौघांचे गुण जातील. त्या दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर कोणत्या पालकांची रांग लागेल, ते मी आजच नावानिशी सांगू शकतो. वस्तीवरून त्या रांगेत कोणी नसेल.